पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

थायरॉइडचा कॅन्सर झाला की लोक जवळजवळ तुमचं अभिनंदन करतात. "हा सगळ्यात चांगला कॅन्सर," असं मला किती जणांनी सांगितलं याची मोजदाद मी सोडून दिली. माझा एक चुलतभाऊ तर म्हणाला, "ताई, व्हायचाच होता तर हाच बरा." जणू दुकानात चार प्रकार मांडले होते आणि मी त्यातला बरा बघून घेतला. तुम्हालाही कोणी असं म्हणालं असेल आणि तुम्ही चिडला असाल, तर तुमचं काही चुकलं नाही, हे आधी सांगून टाकते. पुढचं सगळं मी तुमच्यासाठीच लिहितेय. त्यातही ज्यांना ऑपरेशननंतर किरणोत्सर्गी आयोडीन घ्यायला सांगितलंय आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांनी तर वाचावंच.

मी डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट आहे. नाशिकच्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या पेशंटला किरणं द्यायची असतात, ती किती आणि कुठून द्यायची याचं गणित मी मांडते. ती किरणं नको त्या माणसाला लागू नयेत हे बघणंही माझंच काम. नातेवाइकांना हे कधी नीट समजलं नाही. लग्नाआधी बघायला आलेल्या एका काकांनी "म्हणजे एक्स-रे काढता," असं म्हटलं होतं आणि मी मान डोलावून मोकळी झाले होते.

नोकरीच्या आधी काही वर्षं मी संशोधन केलं. किरणोत्सर्गी आयोडीन घेऊन घरी गेलेल्या पेशंटमुळे घरच्यांना किती किरणं लागतात, हा विषय. पेशंटच्या नवऱ्याच्या, मुलांच्या, सासूच्या अंगावर मी किरणं मोजणारे छोटे बॅज लावून द्यायचे आणि काही आठवड्यांनी परत आणून तपासायचे. पेठ तालुक्यातल्या एका घरात आजोबांनी आपला बॅज खराब होईल म्हणून देव्हाऱ्यात ठेवला होता. देवाला काही लागलं नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं. बाकीच्यांचे आकडेही फार लहान निघाले. सांगितलेले दिवस सांभाळले तर घरच्यांना भिण्याचं कारण नाही, हा माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष होता. पुढे मी जे वागले ते हे सगळं मला माहीत असताना वागले.

*

आमच्याकडे सोनोग्राफीचं नवीन मशीन आलं होतं. कंपनीचा माणूस मशीन दाखवायला आला की त्याला कोणाची तरी मान नाहीतर पोट लागतं, आणि आमच्यातलं कोणीतरी टेबलावर आडवं होतं. ही आमच्या खात्यातली नेहमीची पद्धत. त्या दुपारी जेवून सगळे सुस्तावले होते, म्हणून मी झोपले. माणूस बोलका होता. चित्र किती बारीक दिसतं, रंग कसे बदलता येतात, हे सांगत तो माझ्या गळ्यावरून प्रोब फिरवत होता. बोलता बोलता तो थांबला. तेच ठिकाण त्याने पुन्हा पाहिलं आणि आमच्या रेडिऑलॉजिस्ट बाईंकडे बघितलं.

बाई खुर्चीतून उठून आल्या. "वैशाली, जरा हनुवटी वर कर हं," त्या म्हणाल्या. आम्ही कितीतरी वर्षं एका टेबलावर डबा खातोय. पण हा आवाज त्या पेशंटसाठी ठेवतात, माझ्याशी त्यांनी तो कधी वापरला नव्हता. मला तिथेच समजलं. सुईची तपासणी आणि तिचा रिपोर्ट हे सगळं नंतर रीतसर झालं.

निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सांगितलं. तो सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. कुठल्याही गोष्टीचं मूळ कारण शोधायचं ही त्याची रोजची सवय. स्टिअरिंग धरून तो म्हणाला, "तुझ्या कामामुळे झालं का हे?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

खरं उत्तर अवघड आहे आणि ते तुम्हालाही सांगते. कामावर मी लावते त्या बॅजचे आजवरचे सगळे आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. माझ्यासारख्या हजार जणांबद्दल विचारलं तर मी छातीठोकपणे बोलेन. एकटीबद्दल विचारलं तर शपथ घेता येत नाही. भौतिकशास्त्रात एका माणसाचं उत्तर नसतं. हे मी पेशंटना कितीदा सांगितलं असेल आणि ते ऐकून त्यांची तोंडं का उतरतात, ते मला त्या गाडीत कळलं. निखिलला मी पुन्हा "नक्की" एवढंच म्हटलं.

*

ऑपरेशन झालं. गळ्यातल्या काही गाठींपर्यंत आजार पोचलेला निघाला, त्यामुळे "चांगला कॅन्सर" म्हणणारे जरा गप्प झाले. आता आयोडीन. त्याआधी थायरॉइडची गोळी काही आठवडे बंद ठेवतात, म्हणजे शरीर आयोडीनसाठी भुकेलेलं राहतं. कागदावर हे एक ओळीचं असतं. प्रत्यक्षात माझं तोंड सुजलं, ऐन ऑक्टोबरच्या उन्हात मला शाल लागायला लागली, आणि कुकरला शिट्टी लावायची राहिली हे जळका वास आल्यावर कळायचं. कशाचंच काही वाटेनासं झालं. हे गोळी बंद असल्यामुळे होतं आणि ती सुरू झाली की ओसरतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, सगळे समजून चालले की वैशाली खचली.

मग दिंडोरीहून आत्याबाई आल्या. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. तिकडे द्राक्षाची छाटणी ऐन भरात होती, बागेत मजूर होते, फवारण्या सुरू होत्या, तरी पिशवीत दोन लुगडी टाकून त्या पहिल्या एसटीने आल्या. शंभू तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. लहान पोराला मामाकडे, आजोळी, कुठेतरी पाठवा, असं मी प्रत्येक पेशंटला सांगते. स्वतःवर आली तेव्हा मला ते जमलं नाही. माझी आई नाही आणि भाऊ दूर. दिंडोरीला बागेत फवारण्यांमध्ये पोराला कोण सांभाळणार? ही कारणं खरी होती, पण त्याचा आवाज घरात हवा होता हे त्याहून खरं.

*

आमच्या हॉस्पिटलातल्या आयोडीनच्या खोलीच्या भिंतींतलं किरणं अडवणारं शिसं मी मोजून घेतलेलं. संडासाची वेगळी टाकी, दाराजवळचा आडोसा, सगळं माझ्या आराखड्यातलं. त्या खोलीत झोपल्यावर कळलं की टीव्ही मी अशा जागी लावायला सांगितला होता की पलंगावरून तो दिसतच नाही. माझ्या आधीच्या एकाही पेशंटने तक्रार केली नव्हती. बहुतेक त्यांना वाटलं असेल, तेही शास्त्रातच असेल.

शिशाच्या डबीतून एक गोळी बाहेर येते. ती पाण्याबरोबर गिळायची, बस. काही दुखत नाही. त्यानंतर तुम्ही आणि दार. भरपूर पाणी प्या, लिंबाच्या गोळ्या चघळा, पुन्हा पुन्हा अंघोळ करा.

जेवण घेऊन येणाऱ्या मावशींना मीच शिकवलं होतं, ताट ठेवायचं आणि लगेच मागे व्हायचं. त्यांनी तसंच केलं. ताट आत सरकवलं आणि चपला फटफट वाजवत गेल्यासुद्धा. मला इतकं वाईट वाटलं की स्वतःचंच हसू आलं. मग कॉरिडॉरच्या टोकावरून त्यांचा आवाज आला, "मॅडम, भाजी आळणी हाय, ती काय माझी चूक नाय. वरूनच तशी आली." त्यानंतर रोज दोन्ही वेळा त्या टोकाला उभं राहून त्या माझ्याशी थोडं बोलायच्या, सुनेबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल. त्या खोलीत मला मिळालेली तेवढीच चैन.

माझी ज्युनिअर प्राजक्ता दारातून किरणांचा मीटर धरून माझी मोजणी करायची. पहिल्या दिवशी आकडा सांगताना तिचा आवाज बारीक झाला. "टेप लावून अंतर घेतलंस का? अंदाजे नको," मी आतून म्हटलं. तिने टेप लावली. ती रडत होती हे मला दिसत होतं, पण मी त्यावर बोलले नाही, कारण मग दोघींचंही काम राहिलं असतं.

*

घरी येताना द्वारका चौकाच्या सिग्नलला गाडी अडकली. मी मागच्या सीटवर तिरपी बसलेले, निखिल पुढे. ट्रक, बस, रिक्षा, कोणी हलेना. शेवटी निखिल म्हणाला, "मला किती किरणं लागतायत, त्याचा मनातल्या मनात हिशेब करतेस ना?" करतच होते.

घरात पोचताच मी खात्यातून आणलेली पिवळी पट्टी माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर फरशीवर चिकटवली. तिच्या अलीकडे मी, पलीकडे शंभू. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, कपडे वेगळे धुवायचे. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी तू बाजूला बसलीस."

याला मागचा इतिहास आहे. लग्नानंतर दिंडोरीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा त्यांनी मला बाजूला बसायला सांगितलं होतं. मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि म्हणाले, मी फिजिक्स शिकलेय, असलं काही मी मानत नाही. आजही मानत नाही. त्या वेळी घरात बरेच दिवस अबोला होता. आता माझं वेगळं ताट घासताना त्या मला टोमणा मारतील अशी मी वाटच बघत होते. त्यांनी मारला नाही. त्यांनी शंभूला समजावलं, "आईच्या अंगात ऊन भरलंय. उतरस्तवर लांबून बोलायचं."

शंभू रोज पट्टीपाशी यायचा आणि विचारायचा, "उतरलं का?"

"अजून नाही रे."

"उद्या उतरंल?"

मग तो पट्टीच्या पलीकडून आपल्या गाड्या माझ्याकडे सोडायचा. मी त्या परत पाठवायच्या नाहीत, असा माझाच नियम होता. त्याची एकेक गाडी माझ्या खोलीत साठत गेली.

त्याच सुमारास आयोडीननंतरचा स्कॅन झाला. गळ्यात दिसायला हवं होतं ते दिसलंच, पण छातीतही एका ठिकाणी आयोडीन जाऊन बसलेलं दिसलं, म्हणजे आजार तिथवर गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं, औषध तिथे पोचलंय म्हणजे काम करेल, सहा महिन्यांनी पाहू, गरज पडली तर पुन्हा डोस. ते शांतपणे सांगत होते. पण असले स्कॅन मीही वाचते. घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता.

*

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले. खात्यातला एक जुना मीटर मी घरी आणून ठेवला होता. तो गळ्यासमोर धरला, मग भिंतीसमोर धरला. दोन्हीकडे जवळजवळ एकच आकडा. कुठल्याही पेशंटला मी म्हटलं असतं, जा बाई, पोराला उचल.

बाहेर निखिलने विचारलं, "काय म्हणतो मीटर?"

"अजून आहे थोडं," मी म्हटलं. "आठवडा लागेल."

आठवडा झाल्यावर पुन्हा तेच म्हटलं. मला कोणी उलटून विचारणार नव्हतं. घरात दुसरं कोणालाच हे कळत नाही. माझ्यावर त्यांचा सगळा भरवसा, आणि मी त्यावर बसून खोटं बोलत होते. प्राजक्ताला कळलं असतं, म्हणून तिचे फोन मी उचलत नव्हते.

का? त्या छातीतल्या ठिपक्याने माझं डोकं फिरवलं होतं. मला वाटायचं, मी राहिले नाही तर शंभू कसा राहील? त्याला आत्तापासून थोडं थोडं माझ्याविना राहता यायला हवं. अचानक तुटण्यापेक्षा हळूहळू सुटलेलं बरं. मला हे अगदी शहाणपणाचं वाटत होतं. कॅन्सर झालेल्या माणसाला अशा कल्पना सुचतात, आणि त्या कल्पना फार समंजस आवाजात बोलतात. तुम्हाला ऐकू आल्या तर कोणाला तरी सांगा. मी सांगितल्या नाहीत. दार मात्र लावून घ्यायला लागले.

*

एका सकाळी आत्याबाई पट्टी ओलांडून थेट आत आल्या आणि पलंगावर बसल्या.

"आत्याबाई, लांब बसा," मी म्हटलं.

"बसते मी. म्हातारीला काय व्हायचंय?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीत शंभूच्या गाड्या रांगेने लावलेल्या होत्या. "मला तुझ्यातलं काय कळत नाय वैशाली. तू म्हणतीस तसं आम्ही करतो. पण एक इचारू का? आमी बाजूला बसायचो, तवा निखिल एवढासा होता. माझ्याकडं यायला बघायचा आन् सासू त्याला हाताला धरून वढायची. लय रडायचा. पण चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाले की पयलं त्याला उचलायचे, मग बाकीचं काम. बाजूला बसलेली बाई उठती. तू कधी उठनार?"

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं. "अजून आठवडा" म्हटलं असतं तर त्या निमूट उठून गेल्या असत्या. पण तोंडातून भलतंच निघालं.

"संपलंय ते आत्याबाई. कधीच संपलंय."

"मंग?"

"मी गेले तर? त्याला सवय असलेली बरी."

आत्याबाई फार बोलणाऱ्या नाहीत आणि चिडल्या तर आवाज चढवत नाहीत. त्या पदर आवळून बसल्या. "रोज दुपारचा तो हितं फरशीवर येऊन झोपायचा," त्या म्हणाल्या. "पट्टीला पाय लावून. तुझं दार लावलेलं, तुला कुठनं दिसायचं? मी उचलून नेला की पुन्ना यायचा. आता आठ-दहा दिस झाले, येत नाय. माझ्यापाशी झोपतो. नावपण काढत नाय तुझं. तुला पायजे ती सवय लागली त्याला. आता खुश?"

मी खुश नव्हते. मी इतकी मोठ्याने रडले की निखिल अंघोळ अर्धी टाकून बाहेर आला. त्यालाही सगळं सांगितलं. तो खाली बसून नखांनी ती पट्टी उपटायला लागला. ती सहज निघणारी नव्हती, आमच्या खात्यातली पट्टी चिवट असते. अजूनही त्या फरशीवर डिंकाचे पिवळट ठिपके आहेत.

मी डोक्यावरून न्हाले. हॉलमध्ये गेले आणि शंभूला हाक मारली. तो आजीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"ये ना रे. उतरलं ऊन."

"नको," तो म्हणाला. "तू तिकडंच थांब."

*

पुढचे दिवस आजारपणातले सगळ्यात वाईट होते, ऑपरेशन आणि ती शिशाची खोली धरून. तो माझ्याशी नीट बोलायचा, पाहुण्याशी बोलावं तसं. भरवायला गेले तर घास घ्यायचा नाही. झोपायला आजी. मी जवळ बसले की हळूच सरकून अंतर करायचा, आणि ते अंतर किती असावं हे मीच त्याला शिकवलं होतं. थायरॉइडची गोळी सुरू झाली होती, सूज उतरली होती, कामावरही जायला लागले होते. तिथे आयोडीन घेऊन घरी निघालेल्या एका बाईने मला विचारलं, "मॅडम, दोन-चार दिवस जास्त पाळले तर चांगलंच ना?" मी तिला म्हटलं, "नाही. सांगितलेत तेवढेच. एकही जास्त नाही." मी ते जरा जोरात म्हटलं असावं, ती दचकली.

तुम्हालाही एवढंच सांगते. तुमचे डॉक्टर जितके दिवस सांगतील तितके पाळा, कमी नकोत. आणि ते संपले की उठा. त्यापुढे जे लांब ठेवतं ते आयोडीन नसतं.

माझ्या छातीतला ठिपका अजून आहे. पुढच्या तपासणीत तो तेवढाच होता, वाढलेला नव्हता. पुन्हा डोस घ्यावा लागेल की नाही हे अजून ठरायचंय. तोवर मी "बरी झाले" असं म्हणत नाही, आणि कोणी विचारलं की काय सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

या तपासणीच्या आधी आत्याबाई दिंडोरीला परत निघाल्या, त्या सकाळची गोष्ट. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. शंभू इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तीनचाकी सायकल फिरवत होता, मी तिथेच पायरीवर बसले होते. वळताना सायकल कलंडली आणि तो गुडघ्यावर आपटला. मी उठून हात पुढे केले. तो रडत आला आणि माझ्या हातांच्या शेजारून पळत जिन्याकडे गेला. आत्याबाई आवाज ऐकून खाली आल्याच होत्या, तो जाऊन त्यांच्या पायांना बिलगला.

त्यांनी त्याला उचललं. गुडघा पाहिला, फुंकर घातली. मग दोन पायऱ्या उतरून त्या माझ्यापर्यंत आल्या, त्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि वर निघून गेल्या. वरचं दार लागल्याचा आवाज आला.

शंभूने अंग ताठ केलं. पाठ मागे टाकली, मला लाथा मारल्या, दोन्ही हात जिन्याकडे केले. शेजारचे वॉचमन काका वळून बघायला लागले. त्याच्या गुडघ्याचं रक्त माझ्या कुर्त्याला लागत होतं. "आजी पायजे, आजी," असं तो गळा काढून ओरडत होता, माझ्या मांडीवर, माझ्या दोन्ही हातांत. मी त्याला सोडलं नाही.